सड्यावरचा पंचनामा

आधी वाटलं सुरुंग.
लढाई संपून दीड वर्ष झालं,
तरी एखादा वाहत यायचा किनाऱ्याला.
मग सड्यावर धूर दिसला.

तलाठी मी. कातळावरच लिहायला बसलो.
लाकडी पंखा एक, मोडका.
होडीसारखं धूड, कापडानं मढवलेलं.
पुढच्या वस्तूंची नावं मला येत नव्हती.
इसम एक, वय अदमासे पंचवीस,
बूट उजव्याच पायात.
थर्मास शाबूत, आतला चहा गरम.
हे लिहिलं, मग खोडलं.

पंच इस्माईल होडेकर, रावजी आडिवरेकर.
दोघांचे अंगठे.

चैत्रात पुण्याहून वडील आले, खांबेटे.
करपलेल्या गवतात काठी फिरवत राहिले.
"काही बोलला का तो?"

मी दप्तराची गाठ सोडत होतो,
इस्माईल म्हणाला,
"पाणी मागितलान, साहेब. मी पाजलं."

"कुठलं?"

"मशिदीच्या विहिरीचं. गोडं आहे."

खांबेटे घाटी उतरून तिथवर गेले,
जोडे काढले,
ओंजळीनं प्याले. दोनदा.

आम्ही पोचलो होतो तेव्हा
पोराच्या ओठांना मुंग्या होत्या.
ते दप्तरात आहे.