अर्थ

सहमच्या मच्छीबंदरात, कचेरीच्या गच्चीवर
अँटेना उभी करून दोन दिवस झाले
आणि तिसऱ्या सकाळी घर्बी सुटला.
कोरडा, डोंगराकडचा, दातांत वाळू भरणारा.
ढग नाही, गडगडाट नाही,
तरी रिसीव्हरला न लावलेली केबलची शेपटी
टेबलावर टिकटिकायला लागली,
कुणी आतून नख वाजवावं तशी.
मुझम्मिलने पिन बघायला बोट पुढे केलं
आणि हर्णैची एक जुनी शिवी हासडून मागे उडाला.

मी हसलो नाही.
म्हणजे हसलो, पण पाठ फिरवून.

म्हटलं, बाबा, वाळूचा कण कण तारेला घासून जातो
आणि जाताना काहीतरी ठेवून जातो.
त्याला खाली उतरायला वाट दिली नाही
तर तो तुझ्या बोटातून उतरतो,
नाहीतर सालिमच्या रेडिओतून.
आणि पहाटे चार वाजता त्या रेडिओवर
सालिम बिन खल्फान एकेक होडी मोजतो,
कोण परतली, कोण नाही.

आठ फुटांची तांब्याची कांब, घण,
हिरवी-पिवळी जाड तार.
भिंतीलगत पहिली कांब ठोकली.
तुपात सुरी जावी तशी गेली.
तेव्हाच शंका आली मला.
टेस्टर लावला : दोनशे बारा ओहम.
बंदराचा भराव तो, नुसती सुकी वाळू.
गावी खड्ड्यात मीठ-कोळसा घालून बादली ओततात;
इथे ओतलेली बादली दुपारची बांगसुद्धा ऐकत नाही.

इथे आलो सगळे अर्थासाठीच,
आणि अर्थ लागेना.

मागे मुदपाकखाना.
पाच एसींचं पाणी एका फुटक्या पाइपातून
वर्षानुवर्षं एकाच जागी ठिबकतंय,
आणि त्या ओलीत शशांगनने अळू लावलाय.
कानांएवढी पानं, काळे देठ.
कांब बघून तो झारा घेऊनच बाहेर आला.
कोट्टारक्कराहून कांदा मोज्यात लपवून आणला होता म्हणे,
विमानतळावर मोजे काढायला लावले नाहीत
हीच देवाची दया.
शेवटी झाऱ्यानेच रेघ मारून दिली :
इथून दोन वीत लांब, त्याच्या आत नाही.

ही कांब सोपी गेली नाही.
चिकट काळी माती, घणाला उलटं बोलणारी.
शेवटचा फूटभर मुझम्मिल आणि मी आळीपाळीने.
टेस्टर : अठ्ठावीस.
शशांगन म्हणाला, चांगलं की वाईट?
म्हटलं, थांब, अजून संपलं नाही.

केबल घरात शिरते तिथेच तिचं कवच उघडं करून जोडलं,
दारातच, आत आल्यावर नाही.
तार काटकोनात वळवली नाही;
वीज वळत नाही, कोपऱ्यावर उडी मारते.
मग ती कांब कचेरीच्या मुख्य अर्थिंगशी बांधली.
वेगळी का नाही ठेवायची, मुझम्मिलने विचारलं.
म्हटलं, एका घराला दोन जमिनी झाल्या
की मधे भाऊबंदकी पेटते,
आणि मरतो मधला रेडिओ.
हे त्याला चटकन कळलं. घरचं उदाहरण होतं.

टेस्टर : तीन पूर्णांक सहा.

संध्याकाळी वारा तसाच होता. केबल गप्प होती.
आणखी एक सांगितलं त्याला :
आभाळ गरजलं की पिन काढायची आणि लांब बसायचं;
तांबं सगळंच गिळेल अशी हमी कुणी देत नाही.
डोंगरात उन्हाळ्यात पडते इथेही.

सामान भरताना म्हणाला, चाचा,
ते उतरतं ते जातं कुठे?
जमिनीत.
या जमिनीत? ही तर आपली नाही.
मी पाना पुसत होतो.
तांबं तसलं काही विचारत नाही रे, म्हटलं,
ओल आहे का एवढंच बघतं.

मग वहीत लिहिलं : क्लँप दर महिन्याला बघणे,
हिरवा पडल्यास घासणे.
खाली मुझम्मिलने आपल्या अक्षरात जोडलं :
अळू तोडू नये.