चाळीस टक्के

पुजारीच्या दुकानाची पायरी मी पहिल्यांदा चढलो
तेवीस डिसेंबरला, संध्याकाळी साडेसातला.
नेरूळ, सेक्टर वीस, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी.
सुवार्ताचा मेसेज पुढे धरला,
केमिस्टकडे चिठ्ठी धरतात तसा:
"पप्पा, नाताळला ऊनाला घेऊन येतेय.
कॉर्कची आहे, माझ्याच वॉर्डात.
तिला घरच्यासारखं वाटेल असं काहीतरी आणून ठेवा."

ऊना.
मार्था म्हणाली, हे काय नाव,
पोरीत काय उणं होतं म्हणून ठेवलं?

छत्तीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत
पिंपंच्या पिंपं अल्कोहोल हाताळलं मी.
मोजलं, तपासलं, सही केली.
शर्टाला त्याचा वास घेऊन उपासनेला बसलो.
पण जिभेवर थेंब नाही.
आजोबांनी नगरला मिशनच्या आवारात शपथ घेतली होती.
आमच्याकडे जमीन नव्हती,
शपथच काय ती वारसाने आली.

पुजारीने स्टूल ओढलं, वरच्या फळीला हात घातला.
"आयरिश ना? ही घ्या साहेब. तीनदा गाळलेली.
घशाला कळतसुद्धा नाही."
तीनदा ऊर्ध्वपातन!
इतका जीव तर आम्ही लॅबमध्येही टाकला नाही.
मग काळ्या बिअरचा डबा.
हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं,
गोटीसोड्याची आठवण झाली.
नायट्रोजन असणार, मी म्हणालो.
पुजारी म्हणाला, असेल, पण परत ठेवा, हलवू नका.
मग एक बुटकी, तपकिरी बाटली,
तिच्यात साय आणि दारू एकत्र नांदतात.
फाटत कशी नाही?
आमच्या घरी तर दूध
लिंबाचं नाव काढलं तरी फाटतं.
मागे रांग वाढत होती.
किंमत बघून मी चष्मा पुसला.
किंमत तीच राहिली.

तीनदा गाळलेलीतली सगळ्यात छोटी घेतली.
कागदात, मग काळ्या पिशवीत,
मग वर मेथीची जुडी.

मार्थाने मेथी काढली, पिशवी हुंगली,
पूर्वी माझा शर्ट हुंगायची तशी.
बोलली काहीच नाही.
करंज्यांच्या डब्यामागे ठेवून दिली.

चोवीसला रात्री, प्रार्थनेनंतर,
आम्ही दोघांनी तालीम केली:
आयरिश कॉफी, आयर्लंड वगळून.
पहिल्या ग्लासात साय बुडाली.
दुसऱ्यात बुडाली, वर तवंग आला.
मी म्हणालो, खाली गोड हवं, घनता वाढते,
आणि साय उलट्या चमच्यावरून सोड.
"गूळ चालेल का त्यांना?"
चालेल.
तिसऱ्या ग्लासात साय तरंगली,
काळ्यावर पांढरी, काठोकाठ.
एक वाजला होता. झोप तशीही येणार नव्हती,
आम्ही तिन्ही ग्लास पिऊन टाकले.

ऊना आली. उंच, नाक उन्हाने लाल.
चिवडा वाटीने खाल्ला, मग डब्यातून.
मी घसा खाकरून कागदाची गुंडाळी पुढे केली,
भाषण पाठ होतं, तीनदा गाळण्याचं.
तिने बाटली ओळखली, हसली,
आणि कोटाची कॉलर उलटी करून दाखवली:
आत तांदळाएवढी मोठी नसेल अशी पिन.
सुवार्ताने मराठीत सांगितलं,
"पप्पा, तिच्या आजीची आहे.
त्यांच्यातही शपथ घेतात."

मग तिला काय हवं?
चहा. कडक. दूध घालून.
आणखी एक. आणखी एक.
तिसऱ्या कपाला मार्थाने आलं विचारलंच नाही,
किसून टाकलं.

ते लोक गेले जानेवारीच्या चारला.
बाटली आहे अजून, सील फोडलेलं.
आज मार्थाने बरणीत मनुका घातल्या,
पुढच्या केकसाठी, आत्तापासून,
आणि चमचा घेऊन करंज्यांच्या रिकाम्या डब्यामागे गेली.
"भट्टीत उडून जातं ना हे?
तुम्हीच सांगा, तुम्ही केमिस्ट."

सगळं नाही, मी म्हणालो.

तिने ऐकलं नसावं.
दुसरा चमचा ओतत होती.