इंडेंट वही

साडेसहा नंबरचे ग्लोव्हज संपून अकरा दिवस झाले.
साडेसात आहेत. बोटांपुढे रिकामं रबर लोंबतं,
त्यातून नस चाचपता येत नाही.
आणि कॉट चौदाच्या दर्याप्पा हिप्परकरची नस
आधीच जतकडच्या ओढ्यासारखी,
आहे म्हणतात, दिसत नाही.

"नीरु," म्हणायचा तो.
पहिल्या रात्री मला कळलंच नाही.
काचेपलीकडून शाहीन मुजावर ओरडली, अगं पाणी मागतोय!
मग तिनंच शिकवलं,
नीरु, नोवु, मगा.
पाणी, दुखणं, मुलगा.
तीन शब्दांवर बारा तासांची ड्युटी निघते.

पाणी मीही पीत नव्हते.
तो पोशाख एकदा चढवला की सहा तास प्यायचं नाही,
जायचं नाही. पाळी आली असली तरी.
घाम पाठीवरून उतरून बुटात साचतो,
चालताना पचपच वाजतं,
रात्रपाळीला उसात दारं धरल्यागत.

सकाळी सतारमेकर गल्लीतून घरी जाते.
दुकानं बंद. आत टांगलेले भोपळे,
वाळलेले, कोरलेले.
घरमालकीणबाईंनी नळाची वेळ तेवढी बदलून दिलीय,
बाकी बोलतात चांगलं, जिन्यावरून.
पोरगी विश्रामबागला नणंदेकडे.
फोनवर स्वतःचं काही सांगत नाही हल्ली,
जेवलीस का विचारते.

दर्याप्पा मंगळवारी पहाटे गेला.
कानातली बाळी लिफाफ्यात घालून मी नाव लिहिलं.
फाटकाशी मुलगा उभा होता, खांद्यावर घोंगडं,
ते आत द्यायला आणलेलं.
"शेवटी काय म्हणाले?"
पाणी मागितलं.
"दिलंत?"
दिलं, म्हणाले.

मी कॉट नऊपाशी होते तेव्हा.
हाक ऐकली होती. आले आले, म्हटलंही होतं,
मराठीत.

हे कुणाला सांगायचं, याचं मागणीपत्र नसतं.
वहीत लिहिलं: ग्लोव्हज, साडेसहा, चार बॉक्स.
स्टूल एक, बसायला.
स्टोअरमधून वही परत आली,
ग्लोव्हजसमोर "साठा नाही".
स्टुलापुढे लाल पेनानं प्रश्नचिन्ह.

कॉट चौदावर आता तासगावच्या बाई आहेत.
रात्री त्यांनी पाणी मागितलं, सरळ मराठीत,
आणि मी ग्लास ओठाला लावत म्हणाले,
नीरु. घ्या, नीरु.