खांब

शनिवारचे कपडे सोमवारी यायचे,
दोन पोत्यांत, दोन रंगांच्या नाड्यांनी बांधलेले.
कालव्याच्या अलीकडचं स्केलमोर, तांबूस.
पलीकडचं थॉर्नबेक, हिरवं.
चिखलावरूनसुद्धा ओळखू यायचे:
त्यांचा चिकट, विटेच्या रंगाचा,
आमचा काळा, खाणीतून वर आल्यासारखा,
तीन पाण्यांतही न सुटणारा.
आई ओरडायची, आयव्ही, वेगवेगळं भिजव,
रंग एकमेकांना लागला तर गावात डोकी फुटतील.

चौथ्या विभागाचा तळ म्हणजे आमचं दोघांचं घर.
एका वर्षी ते खालून पाचवे, आम्ही सहावे,
पुढल्या वर्षी उलट.
दोन जावांनी आळीपाळीनं झाडावी
तशी ती शेवटची पायरी.

तळाच्या चौघांनी दर उन्हाळ्यात
लंडनला जाऊन हात जोडायचे,
आम्हाला ठेवून घ्या म्हणायचं.
एकाहत्तर साली चौथे आम्ही होतो, पाचवे ते,
आणि शेवटचा सामना एकमेकांशीच.
जिंकलो तर आम्ही सुटणार, हात त्यांनी जोडायचे.

शेवटचं मिनिट. त्यांचा गोलकीपर चिखलात आडवा.
सिरिल ऑलरनशॉसमोर कुणी नाही, काही नाही,
फक्त एक खांब.
लाकडी, चौकोनी, नुकताच पांढरा रंग दिलेला.
मी लॉन्ड्रीच्या दारात उभी होते, तिथवर आला आवाज.
टक्.
रिकाम्या घराच्या दारावर
कुणी एकदाच बोट वाजवावं, तसा.

जूनमध्ये कुठल्याशा हॉटेलात
पांढऱ्या टेबलक्लॉथवर चिठ्ठ्या पडल्या.
दोन मतं कमी.
झालं.

थॉर्नबेक मग चढत गेलं.
सहा वर्षांनी एक पायरी, मग आणखी एक.
त्यांचं पोतं यायचं थांबलं. पत्र आलं,
नव्या यंत्रांबद्दल, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल,
खाली सहीचा शिक्का.
आता त्यांचं स्टेडियम मोटरवेच्या कडेला आहे,
गवताखालून गरम पाण्याच्या नळ्या.
त्यांना हल्ली चिखल होतच नाही.

आमचं मैदान अठ्ठ्याऐंशीत विकलं.
जिथून पेनल्टी मारायचे
तिथे सुपरमार्केटचे गोठवलेले वाटाणे.
लोकांनी खुर्च्या नेल्या, पाट्या नेल्या,
हर्बर्ट पिकल्सनं तर तिकिटाच्या खिडकीची कडी नेली.
सिरिल तेव्हा दूध घालायचा.
एका पहाटे बाटल्यांसोबत गाडीवर
तो खांब घेऊन आला,
माझ्या परसात खड्डा खणला, वाकून, न बोलता.
माती दाबून झाल्यावर म्हणाला,
मला अडवलं यानं. आता दोरी तरी धरू दे.

तो गेला त्याला अकरा वर्षं झाली.
खांबावर खूण नाही कसलीच.
चष्मा लावून शोधली आहे मी.

स्केलमोर अजून खेळतं, नवव्या पायरीवर,
चर्चमागच्या मैदानात.
गेल्या शनिवारी शहाऐंशी माणसं आणि एक कुत्रं.
त्या पंधरा जर्सी मी अजून धुते,
पैसे घेत नाही, कुणी विचारतही नाही.
चिखल तोच. काळा. तीन पाणी.

नातू येतो रविवारी, कॅलम,
अंगात हिरवी जर्सी, छातीवर सट्टेवाल्यांचं नाव.
मी काही म्हणत नाही. धुवायला मात्र आईकडे ने म्हणते.
बारा पावलं मोजून तो चेंडू ठेवतो
आणि खांबाला नेम धरतो.
डावीकडून जातो. उजवीकडून जातो.
एकदा कुंडी फुटली.
तिन्हीसांजेपर्यंत एकही लागत नाही.
घामेजून, वैतागून म्हणतो,
मुद्दाम मारलं की लागतच नाही गं, आजी.

चिमटे दे, मी म्हणते.
वारा सुटलाय.