तिधारी

मौजे डिग्रजच्या मळीत, नदीपासून दोन शेतं आत,
आदगोंडा मगदुमांनी चप्पल बांधावर काढली.
"पाय फुटतात हितं, पण चप्पल रुतती."
काळ्या रानावर पांढरं काहीतरी, सायीसारखं, वाळलेलं.
उसाचा मागमूस नाही.
फक्त तो, गुडघ्याएवढा, हिरवागार,
तपकिरी तुरा घेऊन वाऱ्याला पाठ देऊन उभा.

मी प्रयोगशाळेतून आलेली.
गिरमिट, पिशव्या, चिठ्ठ्या. नमुना क्रमांक सतरा.
एक देठ खुडला, बोटांत फिरवला.
फिरला नाही. अडखळला.
एक कड, दुसरी, तिसरी.

ह्याला मी ओळखते.
हा नसेल तर ह्याचाच चुलतभाऊ,
आचऱ्याच्या खाडीत, कांदळवनाच्या अलीकडे.
हसनमियाँ तरीवाले घड्याळ बांधत नसत.
ह्याचे शेंडे बुडाले की दोर खुंटीला,
देठ अर्धा उघडा पडला की होडी पाण्यात.
शाळेतून घरी कधी पोचणार
ते आम्हांला लव्हाळा सांगायचा.

"दर्या कुठं नि आम्ही कुठं," मगदूम हसले,
"मधी अख्खा घाट हाय, मॅडम."

मी गिरमिट पिळत होते.
पहिली वीत कोरडी. दुसरी ओलसर.
तिसऱ्या वितीला भोकात पाणी चढलं,
न बोलावता.
बोट बुडवून जिभेला लावलं,
नियमात बसत नाही, तरी लावलं.
खाडी.
पातळ, दमलेली, पण खाडीच.

मग सांगितलं त्यांना:
इतकी वर्षं पाजलेलं पाणी खाली साठत गेलं,
आता तळातलं मीठ पाठीवर घेऊन वर येतंय.
भरतीच आहे ही. फार सावकाश.
वर्षाला चार बोटं.

ते बोलले नाहीत.
माझ्या हातातला देठ घेतला,
अंगठ्याखाली फिरवला, पुन्हा फिरवला.
"धा वर्षं उपटतोय ह्याला.
तीन कडा हाईत, आज कळलं."

फॉर्मवर रकाने होते: सामू, क्षारता, चुनखडी.
उगवलेल्यासाठी रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, आडवं, बारीक अक्षरात.

निघताना, रानाकडंच बघत,
"त्या तरीवाल्याला पाणी उतराय लागलंय
हे कशावरनं कळायचं?"

देठावर ओली रेघ राहते, म्हटलं.
पाण्याच्या वर, बोटभर.

मी गाडीला किल्ली लावली तेव्हा
ते वाकले होते,
एकेक देठ बाजूला सारत,
चष्मा कपाळावर.