मोजणी हालचाल संपल्यावर

गुरुवारी संध्याकाळी, केटरिंगच्या चर्चमागच्या हॉलमध्ये
रॉन टेबट हिरवं कापड पसरतो,
षट्कोनी घरं आखलेलं,
आणि बुटांच्या जुन्या खोक्यातून
माझं सैन्य काढून देतो.
बोटाच्या पेराएवढे भालाईत. शिशाचे. जड.

नियम सातवा, कलम तीन:
एका घरात जास्तीत जास्त तीन तुकड्या.
गाडा दोन धरायचा.
सरदार मोजायचा नाही.

एकावर एक रचायच्या? मी विचारलं.
रॉनने एक भालाईत दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून दाखवला.
घसरला. भाला वाकला.
"पुठ्ठ्याच्या सोंगट्या होत्या तेव्हाचा शब्द," तो म्हणाला,
"पुतळे आले, शब्द राहिला."
म्हणजे रचायचं, पण शेजारी शेजारी.
पुढचा आधी मार खाणार.

तेव्हापासून मी आपला शब्द शोधतेय.
नाण्यांची चळत.
भाकरीची चवड.
मडक्यांची उतरंड, पोत्यांची थप्पी, कडब्याची गंजी.
कशावर काय चढवलं, भाषेने सगळं नीट लिहून ठेवलंय.
सैनिकांची फळी असते, पण ती आडवी, लांबलचक.
एकाच घरात कोंबलेल्या तिघांना
काय म्हणायचं?
रॉन चाळीस वर्षं बुटांच्या गोदामात होता.
तो म्हणाला, सातच्या वर खोकी गेली की
खालच्या बुटाचं नाक चेपतं.
हा त्याचा नियम. कुठे लिहिलेला नव्हता.

मग कलम चार.
मोजणी हालचाल संपल्यावर.
वाटेत कितीही जणांमधून जा,
थांबशील तिथे तीन.

हे मला समजवावं लागलं नाही.
हॅवलॉक स्ट्रीटच्या घरात करारावर आम्ही तिघी,
राहायचो चौघी.
बिन्सीची कायम रात्रपाळी. ती घरी यायची
तेव्हा मी निघालेली असायचे,
आणि माझ्याच गादीवर ती आडवी व्हायची.
पहिल्या वर्षी ती गादी कधी गार पडली नाही.
रविवारी घरमालक यायचा मीटर बघायला,
म्हणजे डोकी मोजायला.
बिन्सी तेव्हा तळ्याभोवती फेऱ्या मारत असायची.
हालचाल संपवायचीच नाही,
म्हणजे मोजणीत येत नाही.
आम्ही हसून हसून लोळायचो.

तिसऱ्या फेरीत रॉनचं घोडदळ आलं.
फासा पडला. माझे भालाईत एक घर मागे.
मागच्या घरात गाडा आणि तिरंदाज.
दोन अधिक एक.
"गाडा सरकवते ना जरा," मी म्हटलं.
"तुझ्या पाळीत. आता नाही."
पुस्तक न उघडता त्याने कलम सहा म्हटलं:
माघारीला जागा नसेल तर तुकडी पटावरून उचलावी.

मारलं कुणी नव्हतं त्यांना.
गाडा मीच ठेवला होता तिथे, सुरक्षित म्हणून.

एका बुधवारी घरमालक न सांगता आला.
बिन्सी झोपलेली होती.
तो आवाज न चढवता बोलला. चहासुद्धा प्यायला.
माझा मामेभाऊ त्या आठवड्यात आला होता,
त्याच्या दोन बॅगा खालच्या खोलीत.
मी म्हणू शकले असते, बॅगा हलवते.
म्हटलं नाही.
शनिवारी बिन्सी कॉर्बीला गेली,
इस्त्रीसुद्धा माझ्यासाठी ठेवून.

रॉनने भालाईत खोक्यात परत ठेवले,
वाकलेला भाला नखाने सरळ करून.
खेळ मी हरले. फार नाही, दोन घरांनी.

हॉलच्या भिंतीवर पाटी आहे:
खुर्च्या एकावर एक सहाच.
तेरा होत्या.
दोन चळती झाल्या (चळतच म्हटलं मी, मोठ्याने,
आणि रॉनने "चलट" असं म्हणून पाहिलं).
तेरावी हातात धरून मी उभी.
"ठेव तिसरीकडे कुठेतरी," तो म्हणाला
आणि दिवा मालवायला गेला.

अंधारात ती दाराशी ठेवली.
बाहेर पडताना दोघंही तिला अडखळलो.