मेणाचं नाक

सिस्कियात, सावा नदीच्या काठावर,
मी सम्राट कोरतो. उलटे.
लोखंडी साच्यात अक्षरं पाठमोरी,
म्हणजे घण पडल्यावर सगळं सुलट दिसतं.

या वर्षातला हा तिसरा.
पहिल्याच्या गालावरून माझी कानस अजून फिरत होती,
तोवर त्याच्याच माणसांनी त्याला छावणीत कापला.
दुसऱ्याला त्याच साच्यात दाढी खोदली,
नावाची चार अक्षरं फिरवली.
मान तीच, किरणांचा मुकुट तोच.
कुणी विचारलं नाही.

तिसरा मेणातून आला,
भुशाच्या पेटीत, आल्प्स ओलांडून, भर उन्हाळ्यात.
झाकण उघडलं तर नाक वितळून ओठावर.
लिक्कायस, आमचा मुकादम, म्हणाला,
"नाकाशिवाय राज्य चालेल, नाणं नाही चालणार.
घाल कुणाचं तरी."

मला एकच नाक पाठ होतं:
सासऱ्याचं, नावाड्याचं,
वल्ह्याचा फटका बसून मधेच मोडलेलं.

मागच्या बाजूला समृद्धी, फळांनी ओसंडणारं शिंग घेऊन.
(त्या आठवड्यात आम्ही सातूची पेज पीत होतो.)

चांदी म्हणाल तर आंघोळीपुरती.
तांब्याच्या चकत्या आंबट पाण्यात उकळतात,
पगाराच्या गोणीत शिरताना चंद्रासारख्या असतात.
हिवाळ्यापर्यंत, जे वर आलेलं ते आधी झिजतं:
मुकुटाची टोकं, नाक.
खालून लाल डोकावतं,
सम्राटाला पडसं झाल्यासारखं.

माझी बायको रेसिला धक्क्यावर मासे विकते.
माझ्या हातचं नाणं घेत नाही.
चावते, दगडावर आपटते, कान देते.
"बद्द," म्हणते. "जुनं काढ, आजोबाच्या वेळचं."
मी नदीकडे बघत राहतो.

काल एका शिपायानं दोन वामांसाठी
नवं नाणं पुढं केलं.
तिनं चावलं नाही.
उन्हात धरलं, अंगठा फिरवला,
मोडलेल्या जागी थांबला.

"सम्राट आहे, बाई. खरा आहे."
"ठाऊक आहे मला कोण आहे ते,"
ती म्हणाली, आणि तिसरी वाम
पैसे न मोजता त्याच्या टोपलीत टाकली.

रात्री नाणं गल्ल्यात नव्हतं.
मिठाच्या बरणीत होतं, तोंड वर करून.
मीठ लागून हिरवं पडेल, मी म्हणालो.
पडू दे, म्हणाली. पाण्याची सवय आहे त्यांना.

लिक्कायस सांगतो, चौथी पेटी निघाली आहे.
साचा अजून माझ्या उशाखाली आहे.